काडतूस बसलं म्हणजे चालतं असं नाही
जुन्या कॉम्बिनेशन गनच्या (एक नळी रायफलची, एक छऱ्यांची) चर्चेत एक दादा म्हणाले, ‘काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत बसलं, बंदूक बंद झाली की बिनधास्त चालवा’. हे पटलं नाही, दादा. रायफलच्या नळीवर सगळे बोलले, बारा बोअरची, म्हणजे छऱ्यांची नळी राहिलीच. 70 मिमीचं काडतूस 65 मिमीच्या जुन्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण तोंडाची घडी मिटलेली असते. बार उडाला की ती उलगडून पुढच्या निमुळत्या भागात घुसते आणि दाब वाढतो. काडतुसावर छापलेली लांबी उडाल्यानंतरची असते, हे दुकानात कोण सांगतंय!

आमच्याकडे नागपुरात आजोबांकडून वडिलांच्या लायसनवर आलेली जर्मन कॉम्बिनेशन गन आहे. नळ्या उतरवल्या तर खाली चाचणीचे शिक्के भरपूर, चेंबरची लांबी मात्र कुठेच नाही. गनस्मिथने गेज (मापाचं साधन) घालून पाहिलं तेव्हा 65 निघाली. आणि वीस बोअरची, म्हणजे बारापेक्षा बारीक काडतुसं बाराच्या पट्ट्यात ठेवू नका. बाराच्या नळीत ती पुढे सरकून अडकतात, वरून बाराचं भरून चाप ओढला की नळी फुटते.