हौसेनं घेतलेल्यांपैकी टिकलं कोणतं?

मंडळी, नव्या गॅजेटचं कौतुक रोजच वाचतो. मला त्याच्या पुढचं ऐकायचंय. हौसेनं घेतलेल्या यंत्रांपैकी आजही हाताशी असलेलं कोणतं? स्वयंपाकघरातलं असो वा छंदाचं. नुसतं नाव नको, ते का टिकलं तेही लिहा.

माझा डिजिटल वजनकाटा. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, खास कॉफीसाठी घेतलेला. १५ ग्रॅम पूड, २४० ग्रॅम पाणी. चमच्याचा भरवसा नाही, कारण दळण जाड की बारीक यावर त्याच चमच्यात मावणारं वजन बदलतं. प्रमाण पक्कं झालं की मग दळणाशी खेळता येतं: आंबट लागली तर आणखी बारीक, कडू लागली तर जाडसर. ॲप नाही, ब्लूटूथ नाही, अपडेट नाही. तक्रार एकच, पाणी ओतता ओतता काटा आपणहून बंद पडतो.

*

काट्याचं मॅन्युअल बघा. काहींमध्ये शून्य करायचं बटण दाबून धरलं की आपोआप बंद होणं थांबवता येतं.

माझं उत्तर सुईवाला थर्मामीटर. मी पाव भाजते, आणि पावाचा रंग फसवा असतो. तांबूसपणा येतो मायार अभिक्रियेनं; ती साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे जोर धरते. आतल्या गरात मात्र पाणी असतं, तो १०० च्या वर चढतच नाही. त्यामुळे वरून सुरेख आणि आत चिकट असा पाव सहज होतो. मी सुई मध्यभागी खुपसते, ९५ च्या आसपास आकडा दिसला की पाव बाहेर. (मायारसाहेबांनी १९१२ साली शर्करा आणि अमिनो आम्लं एकत्र तापवून हे मांडलं. पावाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.) थर्मामीटर खरं बोलतो का हे बर्फाच्या पाण्यात तपासावं, शून्य दाखवायला हवं. उकळत्या पाण्याचा आकडा उंचीप्रमाणे बदलतो, दर ३०० मीटरला जवळपास १ अंशानं उतरतो.

*

मायक्रोवेव्ह. रोज लागतो आणि रोज छळतो. तो सुरू झाला की ब्लूटूथ हेडफोन अडखळतात, कारण दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. ओव्हनमधून निसटणाऱ्या लहरी माणसाला निर्धोक असतात, पण हेडफोनच्या क्षीण सिग्नलपुढे त्या भारी पडतात. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर हलवलं, ते सुटलं. हेडफोनला ती सोय नाही, म्हणून दूध तापेपर्यंत पॉडकास्ट थांबवतो.

*

सगळे मोजमापालाच बसलेत की! माझा मेकॅनिकल कीबोर्ड काहीही मोजत नाही. प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असतो; तो उपटून दुसरा बसवता येतो, सोल्डरिंग लागत नाही. एक कळ रुसली म्हणून अख्खा कीबोर्ड टाकावा लागत नाही, एवढ्यावर मी खूश. एका स्विचचं आयुष्य ५ कोटी दाब असल्याचा कंपन्यांचा दावा असतो. तेवढं टंकायला मला पुढचा जन्म लागेल. घरच्यांच्या मते हे यंत्र फक्त आवाज करतं. तेही खरंच.

*

थ्रीडी प्रिंटर, पण अट घालून. बाहुल्या आणि फुलदाण्या छापण्याची हौस लवकर फिटते. प्रिंटर टिकला तो दुरुस्तीमुळे: फ्रीजच्या कप्प्याची खिट्टी, पडद्याच्या दांडीचा आधार, जुन्या रेडिओची घुंडी. बाजारात न मिळणारा तुकडा तासाभरात हातात येतो तेव्हा भलतंच समाधान वाटतं. खरं श्रेय डिजिटल कॅलिपरचं, म्हणजे जबड्यात वस्तू धरून बारीक माप घेणाऱ्या उपकरणाचं आहे. माप चुकलं तर प्रिंटर ती चूक इमानेइतबारे छापून देतो.

उन्हातल्या गाडीत ठेवायची वस्तू पीएलए या छपाईच्या नेहमीच्या प्लॅस्टिकची करत नाही, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. तिथे पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लॅस्टिक बरं. अन्नाला सतत लागणारी भांडी तर मी छापतच नाही. थरांमधल्या बारीक खाचांत अन्नकण बसतात, ते घासून निघत नाहीत.

नव्यानं सुरू करणाऱ्यांना एवढंच सांगेन: छापलेलं भोक बहुधा आराखड्यापेक्षा थोडं लहान येतं. दांडी अलगद सरकायला हवी असेल तर ०.२ ते ०.३ मिलिमीटर जागा आधीच सोडा, आणि आधी पातळ चकती छापून बसते का ते बघा.