ऑइल बदलताना नेमके किती भरायचे, आणि डिपस्टिक कशी वाचायची?

वळणरस्ता
इंजिन ऑइल आणि फिल्टर घरीच बदलायचा विचार आहे. पेट्रोल गाडी आहे. मॅन्युअलमध्ये फिल्टरसह ३.६ लिटर, फिल्टरशिवाय ३.३ लिटर असे दिलेय, ग्रेड (ऑइलचा दाटपणा) ०डब्ल्यू-२०. तीन शंका आहेत. ३.६ लिटर मोजून ओतले की काम झाले का? डिपस्टिक, म्हणजे ऑइलची लेव्हल बघायची पट्टी, गरम इंजिनवर बघायची की थंड? आणि डिपस्टिकच्या एका बाजूला ऑइल वर दिसते, दुसऱ्या बाजूला खाली. त्यातले खरे कुठले? जाणकारांनी सांगावे.

दहाचापाना
३.६ एकदम ओतू नका. जुने ऑइल कधीच शंभर टक्के निघत नाही. थोडे वर सिलिंडर हेडमध्ये राहते, थोडे चेंबरच्या, म्हणजे खाली ऑइल साठते त्या भांड्याच्या, कोपऱ्यात. गाडी पुढून उचललेली आणि ड्रेन बोल्ट (ऑइल सोडायचा बोल्ट) पुढच्या बाजूला असेल तर आणखी जास्त राहते. त्यावर पूर्ण माप ओतले की लेव्हल डिपस्टिकवरच्या मॅक्स खुणेच्या वर जाणारच. मॅन्युअलचा आकडा किती ऑइल विकत आणायचे ते सांगतो, किती भरले हे डिपस्टिकच सांगते.

तुमच्या गाडीसाठी असे करा. इंजिन पाच-सात मिनिटे चालवून बंद करा, म्हणजे ऑइल पातळ होते आणि गाळ सोबत घेऊन उतरते. कडकडीत तापलेले मात्र नको, हात भाजतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जायचे नाही. खाली स्टँड, मागच्या चाकांना अडण, हँडब्रेक ओढलेला. वरचे ऑइल भरायचे झाकण आधी उघडा, हवा मिळाली की धार मोकळी पडते. बोल्ट काढल्यावर नुसते थेंब पडायला लागेपर्यंत थांबा, दहा-पंधरा मिनिटे लागतात.

बोल्टचा वायसर नवीनच घाला. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर एकदा दबला की दुसऱ्यांदा नीट बसत नाही. मग गळती थांबवायला लोक बोल्ट आवळत सुटतात आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. बोल्ट आधी हाताने आट्यात बसवा, तिरका जात असेल तर लगेच जाणवते. शेवटी टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोराइतकेच आवळता येते तो पाना) मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच आवळा.

आता भरताना नरसाळे लावून ३.२ लिटर ओता. झाकण लावून इंजिन चालू करा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. दहा सेकंदांत विझला नाही तर इंजिन ताबडतोब बंद करा. विझला तर एक मिनिट आयडलवर चालू द्या, रेस करू नका. तेवढ्यात खाली वाकून फिल्टर आणि बोल्टपाशी ओल आहे का बघा. इंजिन चालल्यावर रिकाम्या फिल्टरमध्ये सुमारे ३०० मिली ऑइल जाते, म्हणजे तुमच्या दोन आकड्यांतला फरक. म्हणून इंजिन न चालवता घेतलेले माप फसवे असते, लेव्हल असते त्यापेक्षा जास्त दिसते. मग बंद करून, गाडी सपाट जागी उतरवून, दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. पुढचे ऑइल २००-२०० मिलीने घाला, मॅक्सच्या जवळ आलात की १०० मिलीने.

तेलपाणी
वरचे बरोबरच आहे, फिल्टरचे जोडतो. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली का, हे डोळ्यांनी बघा आणि इंजिनच्या तोंडावरून बोट फिरवा. जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि वर नवी बसली तर सुरुवातीला सगळे ठीक दिसते. पुढे दाब वाढला की रिंग सरकते आणि काही मिनिटांत सगळे ऑइल बाहेर पडते. नव्या रिंगला नवे ऑइल बोटाने लावा, कोरडी रिंग आवळताना पिळवटते. रिंग टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा, नेमके किती ते फिल्टरवर छापलेले असते. फिल्टरचा पाना काढायला वापरायचा, बसवायला नाही.

मधलागिअर
डिपस्टिकबद्दल. दोन बाजूंपैकी खालची बाजू खरी. डिपस्टिकची नळी वाकडी असते, तिच्या भिंतीला ऑइल लागलेले असते, आणि ओढताना एक बाजू त्यावर घासून येते. नुकतेच भरले असेल तर नळी आतून हमखास ओली असते. म्हणून पहिले माप धरायचेच नाही. पुसा, पूर्ण आत टेकेपर्यंत घाला, काढा, आडवी धरून बघा. टोक वर करून धरलीत तर ऑइल दांड्यावर ओघळते आणि माप गेले. सलग भिजलेली कड जिथे संपते तिथे लेव्हल, वर तुटक डाग दिसतात ते सोडून द्या. नवे ऑइल इतके स्वच्छ असते की पटकन दिसतच नाही. पांढऱ्या कागदावर टेकवा, डाग जिथवर उमटेल तिथवर ऑइल.

गरम की थंड, हे मात्र मॅन्युअलवर सोडा. काही कंपन्या गरम इंजिन बंद करून काही मिनिटांनी बघायला सांगतात, काही थंड. २० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापल्यावर ऑइल सुमारे पाच टक्के फुगते, म्हणजे ३.६ लिटरला साधारण दीड-पावणेदोनशे मिली. मिन ते मॅक्स हे अंतर बऱ्याच गाड्यांत एक लिटरच्या आसपास असते, त्या मानाने हा फरक लहान आहे पण दिसण्याइतका आहे. एक पद्धत धरा आणि दर वेळी तीच पाळा.

वळणरस्ता
छान समजले. समजा तरीही मॅक्सच्या वर गेले, तर किती वर चालते? आणि काढायचे कसे?

दहाचापाना
खुणेच्या वर एक-दोन मिलिमीटर असेल तर आधी पुन्हा दहा मिनिटे थांबून बघा, अजून ऑइल उतरत असते. तरीही स्पष्ट वर असेल तर काढा. लेव्हल फार वर गेली की क्रँकशाफ्टची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) वजने ऑइलवर आपटतात आणि ताक घुसळल्यासारखा फेस होतो. फेसात हवा असते. पंपाने हवा ओढली की दाब पडतो, बेअरिंगला थर मिळत नाही, हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्हची फट भरणारे भाग) वाजू लागतात. क्रँककेसच्या (क्रँकशाफ्ट फिरतो त्या पोकळीच्या) हवेबरोबर ऑइल इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, जाते, निळसर धूर येतो, पुढे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. काढायला डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून हातपंपाने किंवा मोठ्या सिरिंजने ओढा. त्यासाठी ड्रेन बोल्ट सैल करायला जाऊ नका, थोडेच काढायचे ठरवूनही धार आवरत नाही.

कमी ठेवणेही तितकेच वाईट. वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर लाल दिवा लुकलुकला तर चेंबरमधले ऑइल एका बाजूला जाऊन पंपाचे तोंड उघडे पडतेय. तो दिवा दाबाचा आहे, लेव्हलचा नाही. तो लागेपर्यंत वाट बघणे म्हणजे फार उशीर.

तेलपाणी
काढलेले ऑइल रिकाम्या डब्यात ओतून मोजा. आधी लेव्हल मॅक्सपाशी असलेल्या गाडीतून २.६ लिटरच निघाले, तर आत बरेच राहिलेय, भरताना तेवढे कमी. लेव्हल आधीच मिनच्या खाली होती, तर इंजिन ऑइल खातेय किंवा गळतेय, ते शोधावे लागेल. नंतर तोच डबा जुने ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्या, गटारात किंवा मातीत नको.

मधलागिअर
डिझेलवाल्यांसाठी वेगळे सांगतो. नवे ऑइल एका फेरीतच काळे होते, ते काजळीमुळे, घाबरू नका. पण न भरता लेव्हल वाढत असेल तर ते गंभीर आहे. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आपोआप साफ होताना जादा डिझेल फवारले जाते आणि छोट्या फेऱ्यांत ते जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिक हुंगून बघा, डिझेलचा वास येतो. असे ऑइल पातळ झालेले असते, वरचे काढून भागत नाही, सगळे बदलावे लागते.