मदत हवी आहे: अपशिंग्यातली तीन पदके, फीत आणि कडेवरची अक्षरे

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावातल्या एका घरातली पहिल्या महायुद्धाची तीन पदके फ्रेममध्ये लावायची आहेत: १९१४-१५ चा स्टार, चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल आणि ब्राँझचे व्हिक्टरी मेडल. क्रम हाच ठेवणार, समोरून पाहताना डावीकडून.

पहिली अडचण कडेची. गोल पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेले असते. स्टारवर ते पाठीमागे. चांदीच्या पदकाची कड राखेने आणि चिंचेने इतकी घासली गेली आहे की ‘११७ मराठाज’ हे पलटणीचे नाव एवढेच लागते. तिरपा उजेड टाकून फोटो काढले, तरी नंबर पुरा येत नाही. नंबराशिवाय शोध अडतो, कारण एका पलटणीत एकाच नावाचे अनेक जण असत. ही पलटण मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कूतच्या वेढ्यात होती आणि १९२२ मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेली. तिच्या जुन्या याद्या कुठे आणि कशा बघायला मिळतात?

दुसरे, फीत. वॉर मेडलची ३२ मिलिमीटर रुंद, मध्ये नारिंगी, मग दोन्हीकडे पांढरी, काळी आणि काठाला निळी. व्हिक्टरीची त्याहून रुंद, सुमारे ३९ मिलिमीटर, इंद्रधनुषी, मध्ये लाल. साताऱ्यात किंवा पुण्यात मीटरवर कोण देते?

तिसरे, पीव्हीसी पाकिटामुळे ब्राँझवर हिरवा चिकट थर आलाय. अ‍ॅसिटोन चालेल, की मूळचा मुलामा निघेल? पॉलिश सुचवू नका, कृपया. उरलेली अक्षरेही जातील.