मदत हवी आहे: आवाज सगळे येतात पण जोडून शब्द वाचता येत नाही

मुलगी साडेचार वर्षांची आहे, फोनिक्स (अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचायला शिकवणं) घरीच घेतेय. एस, ए, टी, पी, आय, एन या अक्षरांचे आवाज पक्के झालेत, एम आणि डी पण ओळखते, कार्ड कसंही पुढे धरलं तरी बरोबर सांगते. अडतंय ते ब्लेंडिंगला, म्हणजे आवाज जोडून शब्द म्हणायला. 'सॅट' समोर ठेवलं की स्‌... ॲ... ट्‌ असं नीट म्हणते आणि मग एकदम 'टॅप' नाहीतर चित्र बघून भलतंच काहीतरी ठोकून देते 😅

करून बघितलेलं सांगते म्हणजे तेच परत यायला नको. चित्रं झाकून झाली, स आणि म सारखे लांबवता येणारे आवाज आधी घेऊन मध्ये न थांबता म्हणायला लावलं, त्यात 'सॅ' पर्यंत येते पण शेवटचा आवाज जोडताना पहिला विसरते. आपल्या सवयीने ट चा 'टअ' होतो तो मात्र आता बराच सुटलाय. गंमत म्हणजे नुसतं तोंडी, अक्षरं न दाखवता मी आवाज तोडून म्हटले तर शब्द बरोब्बर ओळखते, त्यामुळे ऐकण्याचा प्रॉब्लेम वाटत नाही.

ॲप किंवा व्हिडिओ नकोत प्लीज, आणि एका वेळी दहा मिनिटांच्या वर ती बसत नाही.

तर नेमकं विचारायचंय की अशा वेळी तीन अक्षरी शब्द बाजूला ठेवून 'ॲट', 'इन', 'इट' असे दोन आवाजांचेच शब्द घ्यावेत का, की 'सॅ' एकत्र म्हणून मग ट्‌ लावणं हेच चालू ठेवावं? कोणाच्या मुलांना कशाने जमलं?