पंतप्रधानांची तुलना लोकांनी करावी, पण कोणत्या मापाने?

दादरकर (मूळ मांडणी)

दर काही महिन्यांनी एखादी वृत्तवाहिनी किंवा साप्ताहिक जनमत चाचणी घेते आणि तिच्यात ‘आजवरचे सर्वोत्तम पंतप्रधान कोण’ हा प्रश्न हमखास असतो. निकाल लागला की एका गोटात पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या गोटात चाचणीच विकाऊ ठरते. माझे म्हणणे असे आहे की या प्रश्नातून पंतप्रधानांविषयी फारच थोडे कळते, कारण लोक आजच्या नेत्याची तुलना करतात ती बहुधा नुकत्याच पायउतार झालेल्या नेत्याशी. त्याआधीची मंडळी केवळ यादीत असतात.

मार्च १९७७ मध्ये इंदिरा गांधी रायबरेलीतून स्वतः पराभूत झाल्या आणि जानेवारी १९८० मध्ये त्यांच्याच पक्षाला ३५३ जागा मिळाल्या. आणीबाणीतील सक्तीची नसबंदी, वर्तमानपत्रांवरील बंधने, खटल्याविना तुरुंगात डांबलेले कार्यकर्ते, यांपैकी काहीही या तीन वर्षांत पुसले गेले नव्हते. मधल्या काळात लोकांनी जनता पक्षातील लाथाळ्या पाहिल्या, कांद्याचे भाव पाहिले, आणि त्या तुलनेत जुने सरकार बरे वाटू लागले. आता यात इंदिराजींचे मूल्यमापन किती आणि जनता पक्ष फुटल्यावर पंतप्रधान झालेल्या चरणसिंगांवरचा वैताग किती, हे कोणी वेगळे काढून दाखवावे.

लालबागकर

दादरकरांनी लोकांची स्मृती फारच तोकडी ठरवली आहे. आमच्या गिरणगावात याच्या अगदी उलट अनुभव आहे. १९५५-५६ साली संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर मुंबईत गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. पुढे ते पंतप्रधान झाले आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीसाठीचे ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल कारण काढून तेथे ‘सशस्त्र बंड’ हे कारण घातले गेले. आणीबाणीचा गैरवापर अवघड करणारे हे काम त्यांच्या सरकारचे, ते कोणी नाकारू नये. तरीही १९९१ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले, तेव्हा आमच्या चाळीच्या वाचनालयातील वर्तमानपत्रात त्यांच्या नावावर कोणीतरी निळ्या शाईने दोन आडव्या रेघा ओढल्या होत्या. ग्रंथपाल मोठे शिस्तीचे होते, पण तो अंक त्यांनी बदलला नाही.

पस्तीस वर्षे टिकलेल्या मताला क्षणिक कसे म्हणायचे? ज्याच्या अंगणात गोळी पडते त्याचे माप वेगळे असणारच, आणि तेही माप आहे. इतिहासकारांनी मोरारजींना वरची जागा दिली तर ती त्यांची निवड झाली; हुतात्मा चौकातील मशालधारी शेतकरी आणि कामगारांच्या पुतळ्यासमोर उभे राहून ती निवड कोणाच्या गळी उतरवता येईल असे मला वाटत नाही.

पार्लेकर

उलट मला वाटते की लोकमताला वेळ द्यावा लागतो. जुलै १९९१ मध्ये परकीय चलनाच्या टंचाईमुळे रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून रवाना झाले, तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी घरातले दागिने गहाण पडल्याचीच भाषा होती. नरसिंह रावांचे सरकार नुकतेच आले होते. पाच वर्षांनी त्यांचा पक्ष हरला, १९९८ मध्ये त्यांना उमेदवारीही मिळाली नाही, आणि २०२४ मध्ये त्यांना भारतरत्न देण्यात आले ते प्रतिस्पर्धी पक्षाच्या सरकारकडून. डॉ. मनमोहन सिंग यांनी जानेवारी २०१४ च्या पत्रकार परिषदेत, समकालीन माध्यमांपेक्षा इतिहास आपल्याशी अधिक दयाळूपणे वागेल, अशी आशा व्यक्त केली होती, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी तिची थट्टा केली होती. डिसेंबर २०२४ मध्ये ते गेले तेव्हा त्याच माध्यमांचा सूर ऐकण्यासारखा होता. (मृत्युलेखात सगळेच थोर असतात, हे मान्य करूनही.)

लालबागकर

थांबा म्हणणे सोपे आहे. मतदाराला पाच वर्षांनी बटण दाबायचे असते; त्याने तीस वर्षांनंतरच्या निवाड्याची वाट पाहायची का?

मुलुंडकर

मी सर्वेक्षणाच्या कामात काही वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे तांत्रिक बोलतो. उत्तरदात्यासमोर नावांची यादी ठेवली तर एक निकाल येतो, आणि काहीही न सुचवता विचारले तर दुसरा, कारण दुसऱ्या प्रकारात ज्याचे छायाचित्र रोज दिसते त्याचेच नाव आधी ओठांवर येते. २००० साली जन्मलेला मतदार वाजपेयी पायउतार झाले तेव्हा चार वर्षांचा होता. नेहरू आणि शास्त्री त्याला घरातील वडीलधाऱ्यांकडून, शाळेच्या पुस्तकातून किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातून भेटलेले आहेत. त्याची तुलना म्हणजे स्वतःच्या अनुभवाची ऐकीव माहितीशी तुलना.

अमेरिकेत गॅलप ही जनमत चाचणी संस्था २०२५ पर्यंत अनेक दशके विद्यमान अध्यक्षाच्या कारभाराविषयी साधारण एकच प्रश्न विचारत होती, त्यामुळे तेथे कारकिर्दीच्या त्याच टप्प्यावरील आकडे शेजारी ठेवता येतात. ते आकडेही जपून वाचावे लागतात. फेब्रुवारी १९५२ मध्ये ट्रूमन यांच्या कारभाराला अवघ्या २२ टक्क्यांची पसंती होती आणि आज इतिहासकारांच्या क्रमवारीत ते वरच्या स्थानांवर असतात. थोरल्या बुश यांना १९९१ च्या आखाती युद्धानंतर ८९ टक्के पसंती होती आणि पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले. नेहरूंपासून मोदींपर्यंत अशी अखंड मालिका आपल्याकडे नाही, म्हणून मंडळी लोकसभेच्या जागा मोजतात. १९५२ मध्ये काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मतांवर ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या, तर २०१९ मध्ये भाजपला ३७ टक्क्यांच्या आसपास मतांवर ५४३ पैकी ३०३. पहिल्या निवडणुकीत मतदार सतरा कोटींच्या घरात होते आणि २०२४ मध्ये सत्त्याण्णव कोटींच्या घरात. नेहरूंसमोर विरोधक विखुरलेले होते आणि पाठीशी स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई होती, हा मोदी समर्थकांचा मुद्दा रास्त आहे. नेहरूंच्या पक्षाने तिसऱ्या निवडणुकीतही ३६१ जागा राखल्या आणि भाजप २०२४ मध्ये २४० वर आला, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दाही खोटा नाही. मात्र या आकड्यांवरून पक्षाची ताकद कळते. व्यक्तीविषयीचे मत त्यात किती मिसळले आहे ते कळत नाही.

दादरकर

लालबागकरांच्या उदाहरणाला मी त्याच चळवळीतले उदाहरण देतो. नोव्हेंबर १९५७ मध्ये नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण करायला आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने त्यांच्याविरुद्ध प्रचंड मोर्चा काढला होता. मे १९६४ मध्ये नेहरू गेल्याची बातमी आली, तेव्हा याच महाराष्ट्रात लोक ढसाढसा रडले. मधल्या काळात मुंबईसह महाराष्ट्र मिळाला होता. मोरारजींवरचा राग टिकला आणि नेहरूंवरचा विरला, तेव्हा टिकाऊपणा हा लोकमताचा गुण धरायचा की अपवाद?

लालबागकर

नेहरूंनी अखेर मुंबई दिली, म्हणून राग विरला. मोरारजींचा विरोध शेवटपर्यंत मावळला नाही, म्हणून तो टिकला. दोन्ही मते वस्तुस्थितीला धरूनच होती. यात लोकांचा विसरभोळेपणा आपल्याला कोठे दिसला?