मदत हवी आहे – स्केलमध्ये न बसणारे कॉर्ड कुठून येतात?

सहावी_तार:
एक जाझ स्टँडर्ड (सगळे वाजवतात असं जुनं गाणं) बसवतोय. सुरुवात समजली, दोन-पाच-एक (स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या, पहिल्या सुरावरचे कॉर्ड ओळीने) सरळ दिसतं. शेवटाकडे मात्र दर दोन मात्रांना कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलतो आणि मध्येच जी फ्लॅट ७ आणि ई ७ येतात. दोन्ही स्केलबाहेरचे. यूट्यूबवर सगळे ‘पासिंग कॉर्ड’ (दोन कॉर्डना जोडणारा मधला) म्हणतात आणि पुढे जातात. सोलोमध्ये तिथे वाजवायचं काय? शनिवारी जॅम (सगळ्यांनी मिळून आयत्या वेळी वाजवणं) आहे, नुसतं स्केलचं नाव सांगितलंत तरी चालेल.

निळा_सूर:
गाणं कोणतं? पट्टी? वाद्य? त्या दोन कॉर्डच्या आधी आणि नंतर काय आहे तेही लिहा.

पेटी_आणि_मी:
मी हार्मोनियम वाजवतो. माझा अनुभव असा की कॉर्ड बाजूला ठेवून आधी चाल गाऊन पाठ करावी. मायनर असेल तर आसावरी थाटाचे सूर घोटा, बाकीचं आपोआप सुचतं.

निळा_सूर:
नाही सुचत. थाटातले सूर घोटून थाटाबाहेरचा कॉर्ड कसा उलगडेल? प्रश्न नेमका तोच आहे.

पेटी_आणि_मी:
सा कानात पक्का असला की बाहेरचा सूर लगेच ओळखू येतो. त्याशिवाय पुढचं सगळं पाठांतर आहे.

तार_जाड:
जाझसाठी फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा लावा. आवाजात फार फरक पडतो.

सहावी_तार:
तारांचं विचारलंच नव्हतं! गाणं ऑटम लीव्ज, गिटार, जी मायनर. सगळे पहिलं तेच शिकतात म्हणून लिहिलं नाही. कॉर्ड असे: जी मायनर ७, जी फ्लॅट ७, एफ मायनर ७, ई ७, मग ई फ्लॅट मेजर ७.

खारघर_ट्रायो:
पट्टी जॅमवाल्यांना आधीच विचारून घ्या. काही पुस्तकांत हे ई मायनरमध्ये छापलंय. सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीचं १९५८ चं रेकॉर्डिंग जी मायनरमध्ये आहे, ते ऐकाच.

निळा_सूर:
आता सांगता येईल. जी फ्लॅट ७ च्या जागी सी ७ ठेवा, ई ७ च्या जागी बी फ्लॅट ७. काय झालं? जी मायनर, सी, एफ मायनर, बी फ्लॅट, ई फ्लॅट. सुरुवातीला दिसतं तेच चौथ्या सुरावर उडी मारत जाणारं चक्र. म्हणजे कॉर्ड परके नाहीत, बदली आलेत. सी ७ मधला (मूळ सुरापासून मोजून) तिसरा सूर ई आणि सातवा बी फ्लॅट. जी फ्लॅट ७ मध्ये हेच दोन सूर आहेत, फक्त भूमिका उलट: तिसरा सातवा होतो, सातवा तिसरा. ई ७ आणि बी फ्लॅट ७ चंही तसंच. याला ट्रायटोन सब्स्टिट्यूशन म्हणतात, म्हणजे सहा पडदे दूरचा कॉर्ड बदली घेणं. फायदा असा की बेस जी, जी फ्लॅट, एफ, ई, ई फ्लॅट असा एकेक पडदा खाली सरकतो.
नाव हवंच असेल तर दोन्हींवर लिडियन डॉमिनंट (मेजर स्केल, पण चौथा सूर एक पडदा वर आणि सातवा एक पडदा खाली). पण दोन मात्रांत स्केल मांडायला वेळच नसतो. प्रत्येक कॉर्डचा तिसरा सूर धरा: बी फ्लॅट, बी फ्लॅट, ए फ्लॅट, ए फ्लॅट, जी. मग सातवे: एफ, ई, ई फ्लॅट, डी, डी. या दोन ओळी एकाच तारेवर वाजवा, तिथेच तुमचा सोलो आहे.

मांडवीकाठ:
अवांतर: आमच्या गोंयकार वादकांना हे जमायचं, कारण गोव्यात चर्चच्या शाळांतून लहानपणीच नोटेशन शिकवत. १९३५ मध्ये अमेरिकन जाझवादक लिऑन ॲबेचा बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. पुढे गोंयकार ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट संगीतकार सी. रामचंद्रांकडे आणि गोंयकार संगीत संयोजक सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनकडे गेले. हिंदी गाण्यांतल्या ऑर्केस्ट्रामागे ही शिकवण आहे, पण त्यांची नावं कोणी घेत नाही.

खारघर_ट्रायो:
अगदी खरं, पण यावर वेगळा धागा काढा ना, इथे हरवून जाईल.

सहावी_तार:
तिसऱ्या सुरांची ओळ वाजवली, कॉर्ड न वाजवताही बदल ऐकू येतोय. एकच शंका: मी जी फ्लॅट ७ धरला आणि बेसवाल्याने सी वाजवला तर?

निळा_सूर:
वाजवू दे. एकत्र ऐकलं तर तो सी ७ होतो, पाचवा आणि नववा सूर फ्लॅट केलेला. पुढच्या एफ मायनरवर दोघं एकाच वेळी पोचा, एवढं सांभाळा.