उलानबातरला जायचंय, विमान मधे कुठे बदलू?

निळीवाट :
जुलैत आईला घेऊन मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला जायचंय. भाऊ दोन वर्षं तिथे आहे, तिथला नादाम उत्सव (11 ते 13 जुलै) बघायला बोलावतोय. आई 68 वर्षांची, गुडघ्यांनी हैराण. विमान एकदाच बदलावं लागलं तर बरं. पण एका साइटवर यूबीएन दिसतं, दुसरीवर यूएलएन. दोन विमानतळं आहेत का? आणि जावं कुठून?

पानगळ :
यूबीएन म्हणजे नवा चिंगीस खान विमानतळ, जुलै 2021 पासूनचा. यूएलएन ही जुन्या विमानतळाची खूण, ती अजून काही ठिकाणी शहरासाठी चालते. तिकिटावर यूबीएन आहे ना, बघा. शहरापासून 50 किलोमीटरच्या आसपास आहे, भावाला गाडी घेऊन यायला सांगा.

खिडकीपाशी :
मी तीनदा जाऊन आलोय. ताई, शोध उलटा सुरू करा. आपल्या बाजूने शोधलं की साइट वाट्टेल ते तुकडे जोडून देते. आधी उलानबातरला थेट विमानं कुठून येतात ते बघा : सोल, बीजिंग, टोकियो, हाँगकाँग, इस्तंबूल, फ्रँकफर्ट. यातल्या कुठे तुमच्याकडून थेट जाता येतं ते ताडून पाहा. दोन-तीन नावं उरतील.

मग विमानतळाचं नाव वाचा, शहराचं नाही. बीजिंगला कॅपिटल ईशान्येला आणि दाशिंग पार दक्षिणेला. टोकियोला नारिता आणि हानेदा. उतरायचं एकीकडे आणि चढायचं दुसरीकडे असलं, की त्या देशात शिरणं आलं, म्हणजे व्हिसाचा प्रश्न आला.

आणि दोन वेगळी तिकिटं अजिबात नकोत. दुसऱ्या खेपेला स्वस्त पडतंय म्हणून मी तेच केलं. पहिलं विमान तीन तास उशिरा पोचलं. काउंटरवरच्या मुलीने माझ्या बोर्डिंग पासला चिकटवलेली सामानाची चिठ्ठी बोटाने दाखवली. तिच्यावर यूबीएन नव्हतंच, मधल्याच विमानतळाची तीन अक्षरं होती. बॅग घ्यायला इमिग्रेशनबाहेर जावं लागणार होतं आणि माझ्याकडे त्या देशाचा व्हिसा नव्हता. पुढचं विमान गेलं, तिकिटाचे पैसेही गेले. रात्र बाकावर काढली. मी एकटा होतो म्हणून निभावलं, सोबत आई असती तर काय केलं असतं, हे आजही मनात येतं.

निळीवाट :
खूप आभार! सोलमार्गे मिळतंय, तिथल्या इंचॉन विमानतळावर उतरून इंचॉनहूनच पुढे, पीएनआर एकच. दोन पर्याय आहेत : मधे 2 तास 10 मिनिटं किंवा 5 तास. दुसरं थोडं महाग आहे.

खिडकीपाशी :
5 तासांचंच घ्या. व्हीलचेअरच्या प्रवाशांना बहुतेक वेळा सगळ्यांच्या शेवटी उतरवतात. शिवाय इंचॉनला दोन टर्मिनल आहेत. ते बदलावं लागलं तर मधे गाडीने जावं लागतं, दोन तास कधी संपले कळत नाही. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, दोन्ही विमानांसाठी. आणि चेक-इनला बॅग पट्ट्यावर सरकण्याआधी चिठ्ठीवर यूबीएन आहे ना, ते स्वतः वाचा.